गळ्याभोवतीचं कापड

आमच्या घरातली ‘मेलुहाचे मृत्युंजय’ची प्रत आता वरून ओळखू येत नाही. मूळ मुखपृष्ठ फाटलं आणि त्यावर जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर चढलं. एका गणपतीत मुंबईहून आलेल्या भाच्यानं ती पिशवीतून आणली आणि जाताना इथेच ठेवून गेला. मग ती मंडणगड तालुक्यात फिरली. भिंगळोलीला गेली, वेसवीला गेली, देव्हाऱ्याला एका घरी पावसाळाभर राहिली. परत आली तेव्हा आत पेन्सिलीच्या खुणा होत्या, निदान तीन हातांच्या. एकानं समासात उभ्या रेघा ओढल्या आहेत, त्या आवडल्याच्या खुणा असणार. दुसऱ्यानं प्रश्नचिन्हं काढली आहेत, काही ठिकाणी दोन-दोन. तिसरा हात हळवा आहे. तो एखाद्या शब्दाखाली बारीक रेघ मारतो आणि पुढे जातो.

एका जागी तिन्ही खुणा एकत्र आल्या आहेत. शिवाचा गळा निळा झाला आहे. भेटेल तो माणूस त्याच्या पायाशी वाकू लागला आहे. आणि हा कैलासाकडचा टोळीनायक गळ्याभोवती कापड गुंडाळून ती निळाई झाकतो आणि साध्या माणसासारखा बाहेर पडतो. तिथे उभी रेघ आहे, प्रश्नचिन्ह आहे आणि ‘कापड’ या शब्दाखाली ती बारीक रेघही आहे. या कादंबरीवर वाचकांचं एकमत का होत नाही, याचं उत्तर मला त्या एका समासात सापडलं.

अमीश त्रिपाठी यांची ही कादंबरी फेब्रुवारी २०१० मध्ये ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ या नावानं इंग्रजीत आली. लेखक मुंबईचे, शिक्षण कोलकात्याच्या आयआयएममध्ये, नोकरी बँक-विम्याच्या क्षेत्रात. अनेक प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं होतं. मग पहिल्या प्रकरणाच्या पुस्तिका छापून त्या पुस्तकांच्या दुकानांत फुकट वाटल्या गेल्या, इंटरनेटवर सिनेमासारखी जाहिरात आली आणि पुस्तक हातोहात गेलं. ‘नागांचे रहस्य’ २०११ मध्ये आणि ‘वायुपुत्रांची शपथ’ २०१३ मध्ये, अशी शिवत्रयी पुरी झाली. तिच्या लाखो प्रती खपल्या. कल्पनेचं मूळ लेखकानं अनेकदा सांगितलं आहे. घरात दूरदर्शनसमोर बसून बोलणं चाललं होतं की, प्राचीन इराणात आपल्या उलट होतं, तिथले ‘अहुर’ म्हणजे देव आणि ‘दएव’ म्हणजे दुष्ट. मग दोन बाजू एकमेकींना दुष्ट म्हणत असतील तर खरं दुष्ट कोण? एवढ्या एका प्रश्नावर तीन जाड पुस्तकं उभी राहिली.

आमच्या भागात देवांवरून मतभेद होण्याची रीत जुनी आहे. तिला ढोलकी आहे, घुंगरू आहेत, गोल फिरणारी माणसं आहेत. जाखडीचा शक्ती-तुऱ्याचा सामना ज्यानं पाहिला असेल त्याला मी काय म्हणतो ते कळेल. तुरेवाले शिवाची बाजू घेतात, शक्तीवाले शक्तीची. पुराणातलं कोडं घालून समोरच्या शाहिराला अडवायचं, त्यानं गाण्यातच सोडवायचं, आणि त्याच गाण्यात नवं कोडं घालायचं. रात्र सरते. त्यात देवाचा अपमान होतो असं कुणाला वाटत नाही, कारण दोन्ही बाजूंना ती कथा पाठ असते आणि दोघांचंही तिच्यावर प्रेम असतं. मेलुहाच्या वाचकांचे दोन तट मला असेच दिसतात. एक म्हणतो, देवाला माणूस करून टाकलंत, मग उरलं काय? दुसरा म्हणतो, माणूस झाला म्हणूनच तो मला पहिल्यांदा जवळचा वाटला. मी कोणत्या तटात? थोडा दोन्हींत. पण पुस्तक मी चार वेळा वाचलं आहे, हेही इथे सांगायला हवं.

पहिलं पान घेऊ. काळ इ.स.पू. १९००, जागा मानसरोवर. संध्याकाळचं आकाश नारिंगी झालं आहे आणि शिव नावाचा एक तरुण तळ्याकाठी बसून त्याकडे पाहतो आहे. अंगावर लढायांचे व्रण, हाताशी चिलीम. तो गुण नावाच्या टोळीचा नायक आहे. पाक्रती टोळीशी पाण्यासाठी आणि जागेसाठी रोजची मारामारी, आणि त्याला तिचा वीट आला आहे. दूरच्या मेलुहा देशाचा नंदी नावाचा अधिकारी आमंत्रण घेऊन आला आहे: आमच्या देशात या, वस्ती करा. जावं की न जावं, एवढाच विचार त्याच्या मनात चालला आहे. देव अवतरण्याची ही काही रीत नव्हे. आकाशवाणी नाही, तेज नाही, दुंदुभी नाहीत. पाणीटंचाईला आणि भांडणाला कंटाळलेला एक गावपुढारी आपली माणसं घेऊन दुसऱ्या मुलखात पोट भरायला निघतो. ज्या तालुक्यातली निम्मी घरं गणपती आणि शिमगा सोडला तर कुलपात असतात, तिथल्या वाचकाला हे निघणं समजावून सांगावं लागत नाही. उभ्या रेघेचा पहिला हात इथेच सुरू होतो.

मेलुहात पोचल्यावर सगळ्या गुणांना सोमरस पाजला जातो. रात्री सगळे तापानं फणफणतात. शिवाचा निखळलेला खांदा मात्र जागेवर येतो, हिमानं बधिर झालेलं बोट बरं होतं, आणि सकाळी गळा निळा दिसतो. आयुर्वती ही त्यांची वैद्य. हुशार, शिस्तीची बाई. तो गळा पाहून ती गुडघ्यावर येते, कारण मेलुहात पिढ्यान्‌पिढ्या एक भाकीत चालत आलं आहे की नीळकंठ येईल आणि आपल्याला तारेल.

हलाहलाची कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. जग वाचवण्यासाठी देवानं विष जाणूनबुजून गिळलं, म्हणून तो नीळकंठ. अमीशनी हे उलटं केलं. यांच्या शिवानं काहीही जाणून केलेलं नाही. कुणीतरी दिलेलं औषध प्यायला, आणि अंगावर खूण उमटली. पुराणात आधी पराक्रम आणि मग निळा गळा. इथे आधी निळा गळा, आणि तो सार्थ करील असा पराक्रम शोधण्यात उरलेली सारी कादंबरी. म्हणून ते कापड मला इतकं महत्त्वाचं वाटतं. न केलेल्या गोष्टीचं श्रेय गळ्यावर दिसतं याची लाज वाटणारा हा नायक आहे. आणि त्याच्या मनात त्याहून जुनी एक लाज आहे. लहान असताना त्यानं एका बाईला संकटात पाहिलं होतं. ती मदतीला हाक मारत होती आणि तो भिऊन पळाला. ते स्वप्न त्याला पुन्हा पुन्हा पडतं. सगळा देश ज्याला तारणहार म्हणतो, त्याला रात्री ती हाक ऐकू येते. लेखकानं ही आठवण फार सजवलेली नाही आणि ते बरं केलं. मेलुहातलं मला सर्वांत खरं वाटलेलं काही असेल तर तो पळालेला मुलगा.

आता प्रश्नचिन्हांकडे. सर्वांत जास्त प्रश्नचिन्हं भाषेवर आहेत, आणि महाराष्ट्रभर या पुस्तकावर सर्वांत जास्त तक्रारही तीच ऐकू येते: देव असं बोलतो का? मूळ इंग्रजीत शिव आजच्या कॉलेजच्या पोरासारखा वैतागतो, चारचौघांत शिवी हासडतो. मराठी वाचकाच्या कानाला तर वेगळंच वळण आहे. १९६७ मध्ये शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली आणि महाभारतातल्या माणसानं कसं बोलावं, हे दोन-तीन पिढ्यांसाठी जवळपास ठरून गेलं. भरलेली, उपमांनी लदलेली, मोठ्यानं वाचावीशी वाटणारी भाषा. अमीशच्या पुस्तकाला मराठीत नाव मिळालं तेही ‘मृत्युंजय’ या शब्दाचंच. वाचक ते नाव पाहून आत शिरतो, कर्णाच्या आवाजाची वाट पाहतो, आणि समोर येतो साधा, झटपट, सिनेमाच्या संवादासारखा आवाज. अपेक्षाभंग होणारच.

पण ‘देव असं बोलतो का’ या आक्षेपाशी मी सहमत होऊ शकत नाही. कोकणातल्या देवळात उभं राहून ज्यानं गाऱ्हाणं ऐकलं आहे त्या कुणालाही ते जड जाईल. मानकरी किंवा गुरव देवापुढे हात जोडून उभा राहतो आणि बोलतो ते रोजच्या बोलीत. कुणाचं पोर आजारी, कुणाच्या घरी दोन भावांचं पटत नाही, कुणाची नोकरी सुटली. देवाला अरेतुरे होतं, सांभाळून घे म्हणून विनवणी होते, आणि कौल लागत नसेल तर थोडं रागावूनही बोललं जातं. शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा घरातली म्हातारी तिच्याशी माहेरच्या माणसाशी बोलावं तसं बोलते. देवाशी साधं बोलण्यात इथे कमीपणा नाही. मग देवानं साधं बोलण्यात का असावा?

भाषेवर माझी तक्रार दुसरी आहे आणि ती जास्त गंभीर आहे. या कादंबरीत सगळे एकाच आवाजात बोलतात. सेनापती पर्वतेश्वर, सम्राट दक्ष, वैज्ञानिक बृहस्पती, नंदी, सती, कुणाचंही वाक्य उचलून दुसऱ्याच्या तोंडी घातलं तर फारसं बिघडत नाही. गाऱ्हाण्याची भाषा साधी असते, पण प्रत्येक मानकऱ्याचा हेल वेगळा असतो. देवाला माणूस करायचं ठरवल्यावर त्याला त्याचा स्वतःचा हेल द्यायला हवा होता. शिवाला तो थोडाफार मिळाला आहे. इतरांना मिळाला नाही. दोन-दोन प्रश्नचिन्हं काढणारा वाचक कदाचित यामुळेच अडला असेल, नाव मात्र त्यानं देवाच्या मर्यादेचं दिलं असेल.

मेलुहा हे नाव लेखकाच्या मनातलं नाही. मेसोपोटेमियातल्या लेखांत ‘मेलुह्हा’ नावाचा दूरचा व्यापारी देश येतो. अक्कडचा राजा सारगोन, सुमारे इ.स.पू. २३००, आपल्या बंदरात मेलुह्हाची गलबतं लागतात अशी फुशारकी मारतो. बहुतेक अभ्यासक हा देश म्हणजे सिंधू संस्कृती मानतात. मोहेंजोदडोला सापडलेल्या मुद्रेवरच्या आसनस्थ आकृतीला जॉन मार्शल यांनी १९३१ मध्ये शिवाचं आद्य रूप म्हटलं आणि तो वाद अजून मिटलेला नाही. म्हणजे शिव आणि सिंधूकाठची नगरं यांची गाठ कादंबरीकाराच्या आधी पुरातत्त्ववाल्यांनी घातली होती. अमीशनी त्या विटांच्या शहरांत माणसं आणून बसवली. आखीव रस्ते, झाकलेली गटारं, सगळी घरं सारखी, सगळे लोक कायद्याचे, खोटं न बोलणारे. वाचताना सुरुवातीला आपणही शिवासारखेच हरखतो. मग हळूहळू त्या नीटनेटकेपणात श्वास कोंडायला लागतो. हे कोंडणं लेखकानं मुद्दाम घडवलं आहे, आणि ते त्याच्या कारागिरीतलं चांगलं काम आहे.

जिथे तो समजावून सांगायला बसतो तिथे मात्र रस आटतो. सोमरसानं माणूस का म्हातारा होत नाही, हे बृहस्पती शिवाला प्राणवायूचं रसायन सांगून पटवतो: ज्यानं जगतो त्यानंच शरीर झिजतं, आणि सोमरस ती झीज थांबवतो. युक्तिवाद हुशार आहे. पण अमृताची कल्पना हजारो वर्षं टिकली ती रसायन कळलं म्हणून टिकली नाही. ती टिकली ती मेलेल्या माणसाच्या उशाशी बसलेल्यांमुळे. अमृताच्या कथेतला तो हुंदका इथे प्रयोगशाळेच्या टिपणात विरून जातो. याच सोमरसाचं पुढे तिसऱ्या भागात काय होतं, तो कुणाचं पाणी पितो आणि कुणाच्या गर्भात व्यंग पेरतो, ते वाचल्यावर मात्र पहिल्या भागातलं हे कोरडं स्पष्टीकरण लेखकाला का हवं होतं ते उमगतं. मंथनातून अमृत आणि विष वेगवेगळं निघालं असं पुराण सांगतं. दोन्ही एकाच भांड्यात आहे, असं ही कादंबरी सांगते. कल्पना म्हणून ही थोर आहे. तिच्यापर्यंत पोचायला तीन पुस्तकं वाचावी लागतात हा तिचा दोष.

चंद्रवंशींविरुद्धच्या धर्मखेतच्या लढाईआधी शिव मेलुहाच्या सैन्यापुढे बोलतो, त्या जागी समासात कुणाचीच खूण नाही. मी स्वतः मात्र तिथे दर वेळी थांबतो. तो सैनिकांना म्हणतो की, महादेव मी एकटा नाही, तुम्ही प्रत्येक जण महादेव आहात. आणि ‘हर हर महादेव’ या घोषाचा अर्थ तो ‘हर एक महादेव’ असा लावतो. सैन्य पेटून उठतं. हिंदी-इंग्रजी वाचकांतल्या कित्येकांच्या अंगावर इथे काटा येतो असं मी ऐकलं आहे आणि मला ते खरं वाटतं.

मराठी कान इथे अडतो. हा घोष आपल्याकडे किल्ल्यांच्या दगडांत मुरलेला आहे. त्यातला ‘हर’ म्हणजे शिव, हरण करणारा, दुःख आणि पाप हरणारा. दोनदा हाक मारली आहे, जशी आपण विठ्ठल विठ्ठल म्हणतो. ‘प्रत्येक’ या अर्थाचा ‘हर’ फारसीतून आला, आणि हररोज, हरघडी, हरतऱ्हेचा असा मराठीतही रुळला. म्हणजे इ.स.पू. १९०० मधला शिव फारसी शब्दावर कोटी करतो आहे. व्याकरणाची चूक म्हणून ती दाखवून पुढे जाता येईल आणि आमच्या ओळखीच्या काही वाचकांनी तेच केलं. मला तिथे आणखी काही दिसतं. गळा कापडानं झाकणारा माणूस या क्षणी काय करतो आहे? आपल्या एकट्यावर लादलेलं देवपण तो हजार जणांत वाटून टाकतो आहे. ओझं हलकं करण्याची ही त्याची दुसरी तऱ्हा. आधी कापड, आता शब्द. व्युत्पत्ती खोटी आहे, पण तिच्यामागची निकड खरी आहे, आणि कथेत पात्राच्या तोंडी खोटी व्युत्पत्तीही शोभते, जर ती त्याच्या मनातून आलेली असेल. शिवाच्या बाबतीत ती मनातून आलेली आहे. पुढे या अर्थाला लोक शास्त्र समजून सांगू लागले, त्याचा दोष कादंबरीला देता येणार नाही.

लढाई मेलुहा जिंकतो. आणि इथे कादंबरी तिच्या उंचीवर जाते. चंद्रवंशी दुष्ट आहेत, त्यांच्या नाशासाठी नीळकंठ आला आहे, असं आपल्याला शेकडो पानं सांगितलेलं असतं. पराभूत राजाची मुलगी आनंदमयी समोर येते, आणि तिच्याकडून कळतं की त्यांच्याकडेही तेच भाकीत होतं. तेही नीळकंठाची वाट पाहत होते. सूर्यवंशींपासून, म्हणजे मेलुहावाल्यांपासून, आपल्याला सोडवायला तो येईल म्हणून. ज्याची वाट पाहिली तो आला, पण समोरच्या फौजेतून. शिव तिथून बाहेर पडतो. रणात पडलेल्या हजारो प्रेतांचा अर्थ एका वाक्यानं बदललेला असतो. चंद्रवंशींच्या अयोध्येत फिरताना त्याला दिसतं की ही माणसं गबाळी आहेत, त्यांची गटारं उघडी आहेत, ती भांडतात, गातात, आणि मेलुहाच्या लोकांपेक्षा वेगळी आहेत. दुष्ट नाहीत.

लोकप्रिय पुराणकथेच्या पुस्तकात असं क्वचित घडतं. वाचकाला एका बाजूनं जिंकायला लावायचं, जयघोष करायला लावायचा, आणि मग त्या जयघोषाची लाज वाटायला लावायची. धर्मखेतच्या भाषणाला ज्याच्या अंगावर काटा आला, त्याला इथे तो काटा आठवून अवघड व्हायला हवं. इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’नं हे आपल्याला कितीतरी आधी शिकवलं होतं की, महाभारतात कुणाचाही विजय निखळ नाही. ‘युगान्त’ पचवलेल्या वाचकाला मेलुहातला हा शोध बाळबोध वाटतो, असं मी ऐकलं आहे. माझं म्हणणं, ज्यानं ‘युगान्त’ वाचलेलं नाही आणि वाचणारही नाही, अशा लाखो तरुण हातांत हा शोध पडला. ती लहान गोष्ट नव्हे. कॉलेजातल्या ज्या मुलीकडे आमची प्रत महिनाभर होती, तिनं परत देताना एवढंच विचारलं, की मग लढाईआधी त्याला कुणी सांगितलं का नाही? हा प्रश्न मोठ्या ग्रंथांनीही विचारावा असा आहे.

आता विकर्म. या पुस्तकावर इतकं बोललं जातं, पण विकर्मावर फार कमी, आणि मंडणगडला बसून वाचणाऱ्याला त्यावर गप्प राहता येत नाही.

मेलुहाच्या कायद्यात काही माणसं विकर्म ठरतात. मूल मृत जन्मलं, नवरा गेला, अंगाला व्याधी जडली, की ते पूर्वजन्मीच्या पापाचं फळ. अशा माणसाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. झाला तर शुद्धीकरण करून घ्यायचं. सती, सम्राटाची मुलगी, विकर्म आहे. ती नृत्य करत असताना शिवाचा तिला हात लागतो. भोवतीचे सारे थिजतात. आणि सती स्वतःच त्याला सांगते की जा, शुद्धीकरण करून घे. शिवाला कशाबद्दल ते कळतच नाही. या प्रसंगात लेखकानं नेमकं पकडलं आहे की हा कायदा राबवायला शिपाई लागत नाही. ज्याला विटाळ ठरवलं त्याच्याच तोंडून तो बोलतो. बारीक रेघेचा हात इथे ‘शुद्धीकरण’ या शब्दाखाली उमटला आहे, आणि ती रेघ इतर रेघांपेक्षा गडद आहे.

कारण हा शब्द आमच्या नदीनं ऐकलेला आहे. सावित्री महाबळेश्वरच्या शिवालयापाशी उगम पावते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. खाडीच्या पलीकडे हरिहरेश्वर. दोन्ही टोकांना शिव. मधे महाड. वेसवीहून बागमांडल्याला फेरीबोटीनं जाताना हेच पाणी कापत जावं लागतं. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचं कागदावर मान्य केलं, पण तळ्यावर अस्पृश्यांना जाऊ दिलं नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर तळ्याचं शुद्धीकरण झालं. गोमूत्र, शेण, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून. खटला चालला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडलं. बाबासाहेबांच्या घराण्याचं मूळ गाव आंबडवे, तेच मंडणगड तालुक्यातलं. आंबडवेकर हे आडनाव तिथून आलं.

एवढं जवळ असताना मेलुहातला विकर्म-कायदा नुसता कल्पनाविलास म्हणून वाचता येत नाही. अमीशनी तो प्रश्न आणला याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. लोकप्रिय कथेत, देवाच्या प्रेमकथेच्या मधोमध, त्यांनी विटाळ ठेवला. शिव तो कायदा अन्याय्य ठरवतो, आणि नीळकंठाच्या शब्दावर तो बदलतो. इथे मात्र मला लेखकाशी भांडायचं आहे. मेलुहातले विकर्म निमूट आहेत. सहनशील, उदात्त, देशभक्त. कायदा जातो तो वरून, एका देवमाणसाच्या इच्छेनं, आणि त्या इच्छेला राजकन्येवरच्या प्रेमाची जोड आहे. महाडला वरून काही आलं नाही. माणसं स्वतः तळ्याच्या पायऱ्या उतरली, परतताना मार खाल्ला, दहा वर्षं कोर्टाच्या तारखा मोजल्या. ‘प्रत्येक जण महादेव’ असं लढाईच्या आधी सांगणाऱ्या कादंबरीनं विकर्मांना हे महादेवपण का दिलं नाही? एखादा विकर्म उठून म्हणाला असता की मी शुद्धीकरण करून घेणार नाही, तर त्या घोषाचा अर्थ फारसी कोटीशिवाय खरा झाला असता.

देवांविषयी प्रश्न विचारणारं पुस्तक महाराष्ट्रात कसं वाचलं जातं, याचा एक अनुभव आपल्यापाशी आहे. बाबासाहेबांचं ‘रिडल्स इन हिंदुइझम’ राज्य शासनानं १९८७ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि राम-कृष्णांवरच्या परिशिष्टावरून रस्त्यावर दोन्ही बाजूंचे मोर्चे निघाले. मेलुहाच्या वाट्याला तसं काही आलं नाही. एकानं कोडं तर्कानं घातलं आणि उत्तर मागितलं. दुसऱ्यानं गोष्ट सांगितली आणि श्रद्धेला हात लावला नाही. मेलुहाच्या शेवटीही शिव महादेवच आहे, फक्त तो जन्मानं नाही, कर्मानं आहे. म्हणून श्रद्धाळू वाचक कुरकुरतो, पण पुस्तक खाली ठेवत नाही.

शक्तीवाल्यांची बाजू राहिली. सती या पुस्तकात तलवार चालवते, अग्निपरीक्षेच्या रिंगणात तारकाशी एकटी लढते, शिवावर सुटलेला विषारी बाण स्वतःच्या अंगावर घेते. आणि तरी पहिल्या भागात ती बरीचशी शिवाच्या नजरेतून दिसते, सुंदर, दूरची, जिंकायची. माझ्या परीनं शक्तीवाल्यांचं कोडं इथे सुटत नाही. तिसऱ्या भागात देवगिरीच्या वेशीबाहेर ती जशी लढून मरते, ते वाचल्यावर सुटतं. दक्षाच्या यज्ञात उडी घेणारी सती आणि ही सती यांतली कोणती खरी, असं कुणी शाहिरानं मला सामन्यात विचारलं तर मी दुसरीचं नाव घेईन.

पुस्तक संपतं ते अर्धवट. सतीवर नाग जमातीतला एक माणूस चालून येतो, शिव तलवार उपसून धावतो, पान संपतं. पुष्कळांना हा चालूपणा वाटला. मला तो पळालेला मुलगा आठवला. या वेळी हाक आली तेव्हा तो पळाला नाही, धावला ते हाकेच्या दिशेनं. लेखकानं हे जुळवून केलं असेल किंवा आपोआप झालं असेल. गोष्ट म्हणून ते जुळलं आहे.

ज्याला घडीव भाषा हवी त्यानं इथे येऊ नये, त्याच्यासाठी सावंत आहेत, खांडेकर आहेत. ज्याला देवत्वाचं गूढ जसंच्या तसं हवं आहे त्यालाही हे पुस्तक मानवणार नाही. पण गळ्यावरची खूण झाकून फिरणारा देव, जिंकून शरमणारी फौज आणि आपल्याला शिवू नको म्हणणारी राजकन्या, या तीन गोष्टींसाठी हे पुस्तक वाचायलाच हवं. आमची प्रत सध्या घरी आहे. तालुक्यातल्या कुणाला हवी असेल त्यानं न्यावी, आणि वाचून झाल्यावर पेन्सिलीच्या खुणा न पुसता परत आणून द्यावी.